बायजाबाईचा हात

बायजाबाई आमच्या घरी पहिल्या दिवशी आली तेव्हा तिने बाळाचं तोंडसुद्धा बघितलं नाही. सरळ मोरीत गेली, बादलीत कोपर बुडवून पाणी बघितलं, अर्धा तांब्या थंड पाणी ओतलं, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं आणि पाटावर पाय लांब करून बसली. मग म्हणाली, "आना." मला ते खटकलं. मला बरंच काही खटकतं, हे आधीच सांगून टाकतो.

मी चांगदेव घरत, उरण तालुक्यातला. तीस वर्षं न्हावा शेव्याला एका कंटेनर यार्डाच्या गेटवर सुपरवायझर होतो. कंटेनर आला की दाराचं सील बघायचं, नंबर कागदाशी जुळवायचा, आणि नंबर जुळला तरी सील हलवून बघायचं. नंबर जुळलेल्या कंटेनरमधूनच माल गायब झालेला मी पाहिला आहे. नोकरीतून रिटायर झालो, सवयीतून झालो नाही. दूधवाला, मीटरवाला, मुलगा मितेश याच्या ट्रेलरवरचे ड्रायव्हर, सगळ्यांकडे मी त्याच नजरेने बघतो. बायको सगुणा म्हणते, "तुमी देवाकडंपन पावती मागाल."

बायजाबाई साठी ओलांडलेली, काटकुळी, बोलायला कमी. गावाच्या खालच्या अंगाला बौद्धवाडी आहे, तिथली. तरुणपणी मिठागरावर कामाला जायची. सासू सुईण होती, तिच्या हाताखाली ही शिकली. पुढे बाळंतपणं दवाखान्यात व्हायला लागली आणि सुईणपण संपलं, पण बाळाला न्हाऊमाखू घालायचं काम राहिलं. तिच्या हाताला गुण आहे असं गावातल्या बायका म्हणायच्या. तिची मुलगी रश्मी माणगावला शाळेत शिकवते. ती दर सुट्टीत आईला म्हणायची, आता पुरे कर. आई मान डोलवायची आणि दुसऱ्या दिवशी पहाटे कोणाच्या तरी दारात उभी असायची.

आमच्याकडे तिचा चहाचा कप वेगळा होता. कोणी बोलून ठरवलेलं नव्हतं, पण खिडकीत उपडा ठेवलेला एक कप असायचा आणि तोच तिला मिळायचा. तीही काही बोलायची नाही. आज लिहिताना लाज वाटते. तेव्हा मला तो कप दिसतही नव्हता.

सून दिपाली बोर्ली पंचतनची. पहिलं बाळंतपण म्हणजे माहेरीच जायची, पण तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं, म्हणून इथेच राहिली. मुलगी झाली. हेमाली नाव ठेवलं. घरात बऱ्याच वर्षांनी तान्हं मूल आलं होतं, सगुणाचे पाय जमिनीवर नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात हेमालीचा श्वास वाजायला लागला. सर्दीची घुरघुर घरोघरी असते, ती मला माहीत आहे. हा आवाज कोरडा होता, ओढून घेतल्यासारखा. विहिरीवरच्या पंपाने हवा धरली की तो जसा वाजतो, तसा. दूध पिताना वाढायचा, रडताना वाढायचा. दूध पिता पिता पोर दमायची, सोडून द्यायची, परत धरायची आणि ठसका लागायचा. झोपेत मान मागे टाकायची, इतकी मागे की हनुवटी छताकडे व्हायची.

मी लगेच शोध सुरू केला. आधी धुरीवर संशय घेतला. अंघोळीनंतर सगुणा निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकून धुरी द्यायची, ती बंद करायला लावली. आवाज तसाच. मग मितेशच्या कपड्यांना डिझेलचा वास येतो म्हणून त्याला अंगणात कपडे बदलायला लावले. आवाज तसाच. मग घराला दिलेला नवा रंग. रंग काही खरवडता येईना. शेवटी नाक्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "बाळदमा आहे." वाफेचं मशीन दिलं, औषध दिलं.

बाळदमा हा शब्द मिळाला आणि घर शांत झालं. नाव कळलं की माणसाला वाटतं, आता मार्ग निघाला. शेजारपाजारच्यांनी पण आपापल्या घरातले बाळदमे सांगितले, सगळे मोठेपणी बरे झालेले. फक्त आवाज काही कमी होईना. वाफ देऊन तीन आठवडे झाले तरी पंप आपला वाजतोच आहे.

"दमा न्हाय ह्यो," बायजाबाई एकदा तेल लावता लावता म्हणाली.

मोरीच्या दारात मी उभा होतोच, नेहमीसारखा. "मग काय आहे?" मी विचारलं.

"ते मना कुठं ठाव. पन दमा सोडताना वाजतो. ही घेताना वाजते, सोडतानापन वाजते."

मी मनात म्हटलं, डॉक्टर नळी लावून सांगतो आणि ही नुसत्या कानाने सांगते. तेव्हापासून मी तिच्यावर डोळ्यात तेल घालून लक्ष ठेवायला लागलो.

इकडे सगुणाने मान मागे टाकायची सवय मोडायचा चंग बांधला. आमच्याकडे बाळाचं डोकं गोल व्हावं म्हणून मोहरीची उशी देतात. तिने मोठी उशी शिवली, डोकं त्यावर ठेवलं, दोन बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या लावल्या, म्हणजे मान सरळ राहील. पण रोज सकाळी बायजाबाई गेल्यावर बघावं तर उशी पाळण्याच्या पायथ्याशी पडलेली आणि बाळाच्या खांद्यांखाली जुन्या लुगड्याची घडी सरकवलेली. विटलेलं, हिरव्या काठाचं कापड. आमच्या घरातलं नव्हतं.

सगुणा ते कापड दोन बोटांत धरून माझ्याकडे घेऊन आली. तिचा चेहरा उतरला होता. "परक्या घरचं कापड पोरीखाली कशाला येतंय?" ती म्हणाली. मला कळलं तिच्या मनात काय आहे. करणी हा शब्द तिने उच्चारला नाही, मीही नाही. मी असलं काही मानत नाही असं चारचौघांत सांगत असतो. त्या दिवशी मात्र मी तिला हसलो नाही.

हॉलमध्ये मितेशने कॅमेरा लावला आहे. मी मोबाईलवर सकाळचं चित्रण काढून बघितलं. बायजाबाई बाळाला पाळण्यात ठेवते, इकडेतिकडे बघते, उशी काढते, कमरेचं कापड सोडून त्याची घडी घालते, खांद्यांखाली सरकवते. मग वाकून कान बाळाच्या तोंडाजवळ नेते आणि कितीतरी वेळ तशीच राहते. ओठ हलताना दिसले. मी ते चार वेळा बघितलं. चौथ्या वेळी माझी खात्रीच झाली की ही काहीतरी पुटपुटते आहे. आज वाटतं, ती श्वास मोजत असेल.

दुसऱ्या सकाळी मी तिला दारातच धरलं. हातात ते कापड.

"हे काय घालतेस पोरीखाली?"

"घडी हाय," ती म्हणाली. "मान मागं राहिली का तिला श्वास मिलतो. ती आपल्या अकलेनं टाकते मान. तुमी उशी नका देऊ."

"डॉक्टरपेक्षा तू शहाणी?"

"चांगदेवभाऊ, मोठ्या दवाखान्यात न्या तिला. मी हात जोडते. आनि मान सरळ नका करू. मान सरळ केली ना, तर पोर हातची जाईल."

शेवटचं वाक्य सगुणाच्या कानावर पडलं आणि तिने तोंडाला पदर लावला. "ऐकलंत? शाप दिला तिनं! माज्या दारात उभी राहून शाप दिला!"

खरं सांगतो, मलाही ते शापासारखंच ऐकू आलं. शब्द तेच, पण संशयाने ऐकलं की त्यांचा अर्थ फिरतो. मी तिला पायरी चढू दिली नाही. "उद्यापासून येऊ नकोस," म्हटलं. दिपाली आतून "बाबा, थांबा ना" म्हणत होती, तिच्यावरही खेकसलो. बायजाबाईने माझ्या हातातलं कापड मागितलं. मी दिलं नाही. सगुणाने ते परसात जाळलं.

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ चाललं असतं. मी नाक्यावर जाऊन चार लोकांत सांगितलं, की बाईची लक्षणं बरी नाहीत, कॅमेऱ्यात आहे सगळं. दोनच दिवसांत ती न्हाऊ घालायला जात होती त्या तीनही घरांनी तिला येऊ नको म्हणून निरोप पाठवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी दिपालीने हेमालीला पाजलं आणि पाळण्यात ठेवलं. डोकं मोहरीच्या उशीवर. ठसका लागला. मी बाजूलाच पेपर वाचत होतो, उठलो. पोर मान मागे फेकायला बघत होती, आवाज चिरका झाला होता. मला वाटलं, मान वाकडी झाल्यामुळे अडकलंय. मी दोन्ही हातांनी तिचं डोकं धरलं आणि सरळ केलं. घट्ट धरून ठेवलं. आवाज थांबला. क्षणभर मला बरं वाटलं, आवाज थांबला म्हणून. मग तिचे ओठ निळे दिसले.

"सोडा!" दिपाली ओरडली. माझ्या हाताला झटका देऊन तिने पोर हिसकावली आणि दंडावर उताणी घेऊन डोकं मागे लोंबू दिलं. एकदा, दोनदा छाती आत गेली. मग तो कोरडा, ओढलेला आवाज परत आला. आयुष्यात कुठला आवाज मला इतका गोड लागला नव्हता. माझे हात मात्र हवेतच होते, डोकं धरल्यासारखे.

नवी मुंबईच्या मुलांच्या दवाखान्यात पोहोचेपर्यंत दिपालीने पोरीची मान तशीच मागे ठेवली. तिथल्या डॉक्टर बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी विचारलं, आवाज कधी येतो, कधी वाढतो. दिपालीने घडाघडा सांगितलं: घेताना वाजतो, सोडताना वाजतो, दूध पिताना वाढतो, मान मागे टाकली की कमी होतो, दम्याच्या औषधाने फरक नाही. डॉक्टरांनी लिहिता लिहिता मान वर केली. "हे कोणी टिपलं?"

"बायजाआजीने," दिपाली म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत राहिलो.

हृदयाची तपासणी झाली, मग छातीचा स्कॅन. डॉक्टरांनी पडद्यावर चित्र दाखवलं. हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनी एका बाजूने वळून खाली जाते. हिची दोन्ही बाजूंनी गेली होती आणि मागे जाऊन परत एक झाली होती. त्या कड्यात श्वासनळी आणि अन्ननळी सापडली होती. गर्भात असतानाच झालेलं. मान मागे टाकली की श्वासनळी थोडी ताणली जाते, वाट थोडी मोकळी होते. म्हणून पोर मान टाकत होती. "दम्याचं निदान यात पुष्कळदा होतं," त्या म्हणाल्या. "आवाज दोन्हींत येतो ना."

सगुणाने विचारलं, ग्रहणात दिपालीने भाजी चिरली होती, त्याने का? मी विचारलं, धुरी, डिझेल, रंग? मग घसा साफ करून विचारलं, मालिश करताना कोणाचा हात जोरात लागला तर? डॉक्टरांनी प्रत्येक वेळी मान हलवली. "कोणीही काहीही केलेलं नाही. ही अशीच जन्माला आली आहे."

कोणीच काही केलेलं नाही हे पचवायला मला फार जड गेलं. मी स्कॅनची सीडी घेऊन मुंबईत दुसऱ्या दवाखान्यात गेलो, पहिल्यांचं नाव न सांगता. तिथेही तेच चित्र, तेच उत्तर. मग मात्र ऑपरेशनच्या कागदावर सही केली. डाव्या बगलेखालून, दोन फासळ्यांमधून, ते कडं जिथे बारीक होतं तिथे बांधून कापलं. पोर तीन महिन्यांची होती. ऑपरेशनच्या खोलीबाहेर मी चार तास बसलो आणि त्या चार तासांत कोणावरही संशय घेतला नाही. घ्यायला कोणी उरलंच नव्हतं.

घरी आलो, आवाज होताच. आधीपेक्षा कमी, पण होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दाबली गेलेली श्वासनळी मऊ पडते, काही महिने वाजेल, मग थांबेल. तरी मी रात्रंदिवस कान लावून. पण पोर दूध एका दमात प्यायला लागली, निळी झाली नाही, मान सरळ ठेवून झोपायला लागली. टाका सुकला तेव्हा सगुणा म्हणाली, कोणी दुसरी बाई बघूया न्हाऊ घालायला. दिपालीने पोर कडेवर घेतली आणि मला म्हणाली, "बाबा, बायजाआजी येईल, नाहीतर कोणी नाही. आणि बोलवायला तुम्ही जायचं."

गेलो. बौद्धवाडीत जायची माझी ती निवडणुकीव्यतिरिक्त पहिलीच वेळ असावी. बायजाबाई ओट्यावर बसली होती. "जय भीम," ती म्हणाली. मीही म्हणालो, पण अडखळत. तिने आत सतरंजी टाकली.

"चुकलं माझं," मी म्हणालो. घरून निघताना बरंच काही जुळवलं होतं, त्यातलं तेवढंच बाहेर आलं.

"पोर कशी हाय?"

"बरी आहे. दम लागत नाही. तू म्हणत होतीस तसंच, दमा नव्हता." आणि मी तिला समजावून सांगायला लागलो. डाव्या हाताची दोन बोटं उभी केली आणि उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि बोटाने त्यांच्याभोवती कडं केलं. "असं. रक्ताच्या नळीचा विळखा. जन्मापासून."

ती वाकून बघत होती. "दोन बोटं कशाला?"

"एक श्वासाची नळी, एक अन्नाची. अन्नाचीपण दाबली जाते, म्हणून ठसका. दूध कसंबसं जातं, दाट काही भरवलं की अडकतं. डॉक्टर म्हणाल्या, हे कळलं नसतं आणि सहाव्या महिन्यात कोणी भरवलं असतं तर घास अडकून..."

"काय भरवलं तर? पेज?"

"पेजसुद्धा."

"कोनीबी भरवली तरी?"

"कोणीही भरवली तरी. भरवणाऱ्याचा काय दोष?"

तिची नजर माझ्या बोटांवर होती. मी हात खाली घ्यायला लागलो तर म्हणाली, "ठेवा तसंच." मग तिने सांगितलं. अडतीस वर्षांपूर्वी तिला पहिला मुलगा होता. असाच वाजायचा, अशीच मान टाकायचा. ती खांद्यांखाली घडी घालायची. सहा महिन्यांचा झाला. ती मिठागरावर गेली होती आणि पोर जावेकडे होतं, सखुबाईकडे. भुकेने रडायला लागलं म्हणून सखुबाईने पेज भरवली. बायजाबाई मिठागरावरून येईपर्यंत सगळं संपलं होतं.

"तवापासनं तिच्याशी बोलत न्हाय मी," ती म्हणाली. "भिंतीला भिंत हाय. तिच्याकडं लग्न झालं, मयत झाली, मी उंबरा चढले न्हाय. मना वाटायचं, तिनं मुद्दाम भरवली. तिला तवा पोर नव्हतं ना."

अडतीस वर्षांपूर्वीचं बाळ कशाने गेलं ते मला माहीत नव्हतं, आणि आता ते कोणालाच कळणार नव्हतं. माझ्या जिभेवर ते आलं होतं. मी ते गिळलं.

ती उठली, पदर सारखा केला. "चला तुमी माज्यासंगं. मना नीट सांगता याचं न्हाय. डागतर बोलली तसंच सांगा तिला."

शेजारच्या दारात एक जाडसर म्हातारी सुपात सुका जवळा निवडत बसली होती. बायजाबाईला उंबऱ्यात बघून तिने सूप खाली ठेवलं आणि भिंतीला धरून उभी राहिली. तिची नजर आमच्या दोघांवरून फिरली. "कोन गेलं?" तिने विचारलं.

"कोन न्हाय गेलं," बायजाबाई म्हणाली. "बस. ऐक."

मी उभ्याउभ्याच सांगितलं. दोन बोटं, भोवती कडं. माझी नात, तिचा आवाज, मागे टाकलेली मान. घास का अडकतो. भरवणाऱ्याचा दोष नसतो, बाळ तसंच जन्माला आलेलं असतं. सखुबाई ऐकत होती, पण माझ्याकडे बघत नव्हती. ती आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, जवळ्याचा चुरा लागलेल्या.

"म्हंजे," ती म्हणाली, आणि थांबली. "म्हंजे माज्या हातानं न्हाय?"

मी बायजाबाईकडे बघितलं. ती खाली बसली होती, जावेच्या पायाशी, आणि तिचा तो हात तिने आपल्या दोन्ही हातांत घेतला होता.

"न्हाय," मी म्हणालो.

"परत सांगा," सखुबाई म्हणाली.

मी बोटं वर केली आणि परत पहिल्यापासून सांगितलं.